रघुनाथ धोंडो कर्वे : पुरुषाच्या वाट्याची जबाबदारी

आपल्या हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत चार बायका निवांत बोलायला बसल्या की सुनेच्या, लेकीच्या, भाचीच्या 'ऑपरेशन'चा विषय कधी ना कधी निघतोच. दुसरे मूल झाले, त्याच वेळी करून टाकले, असे सहज सांगितले जाते. कोणते ऑपरेशन, हे विचारावे लागत नाही. कोणाचे, हेही विचारावे लागत नाही. ते बाईचेच असते. मुलाचे किंवा जावयाचे ऑपरेशन झाले असे कोणी चारचौघांत सांगितल्याचे क्वचितच ऐकू येते. आणि ऐकू आलेच, तर ऐकणाऱ्यांच्या भुवया उंचावतात.

ज्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी मराठीत या विषयाला तोंड फोडले, त्याची आठवण या निमित्ताने करावीशी वाटते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव माहीत नसलेले मराठी घर सापडणार नाही. हिंगण्याचा आश्रम, भाऊबीज फंड, महिला विद्यापीठ हे सारे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्याच थोरल्या चिरंजीवांचे, रघुनाथरावांचे नाव घेताना मात्र आपला आवाज जरा खाली येतो. अजूनही.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी, कोकणात दापोलीजवळच्या मुरूडचा. योगायोग असा की, त्याच वर्षी हॉलंडमध्ये ॲम्स्टरडॅम येथे आलेट्टा जेकब्ज या महिला डॉक्टरने गरीब बायकांना संततिनियमनाची साधने देणारे केंद्र सुरू केले. मुरूडच्या कर्व्यांच्या घरी अर्थातच ही बातमी पोचलेली नव्हती. त्या काळी मूल होणे न होणे ही देवाची इच्छा होती आणि बाळंतपण हा बाईचा दुसरा जन्म मानला जाई. कित्येकींच्या वाट्याला तो दुसरा जन्म येतच नसे. रघुनाथरावांच्या आई राधाबाई १८९१ मध्ये बाळंतपणातच गेल्या. तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचा होता.

दोन वर्षांनी, १८९३ मध्ये, अण्णांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. याच पुढे साऱ्या महाराष्ट्राच्या बाया कर्वे झाल्या. त्या विवाहाबद्दल मुरूडच्या मंडळींनी अण्णांना वाळीत टाकले. स्वतःच्या गावी गेलेल्या माणसाला पंगतीत बसू दिले जात नाही, हे अकरा वर्षांच्या मुलाने पाहिले. पुढच्या आयुष्यात समाजाच्या रोषाची रघुनाथरावांना जी फारशी भीती वाटली नाही, तिचे मूळ या बालपणात असावे, असे वाटते. वाळीत पडलेला माणूस मरत नाही, उलट आपले काम करीत राहतो, हे त्यांनी घरातच पाहिले होते.

मुलगा बुद्धीने तल्लख निघाला. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ मध्ये तो मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला. १९०४ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातून बी. ए. झाला. विषय गणित. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी गणिताचे अध्यापन केले आणि १९१९ च्या सुमारास गणिताच्याच उच्च अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले. तेथे गणिताची पदविका मिळाली. फ्रेंच भाषा येऊ लागली आणि युरोपात कामशास्त्र व संततिनियमन यांवर चाललेले लेखन मुळातून वाचता आले. गणिताच्या माणसाला एक सवय असते. सिद्धता मिळाल्याशिवाय तो विधान मान्य करीत नाही आणि सिद्धता मिळाली की कोणाला आवडो न आवडो, ते विधान नाकारीतही नाही. रघुनाथरावांनी हीच सवय समाजाच्या प्रश्नांना लावली. लोकांना ती सोसली नाही.

परत येताच १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. भारतातले हे पहिलेच. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले होते. म्हणजे या एका बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. रघुनाथरावांच्या केंद्रात सल्ला मिळे आणि त्या काळी उपलब्ध असलेली साधनेही मिळत. १९२३ मध्ये त्यांचे संततिनियमनावरील मराठी पुस्तक आले. बोजड शास्त्रीय शब्दांच्या आड न लपता, साध्या भाषेत, कोणते साधन कसे वापरायचे हे त्यात सांगितले होते.

या काळात ते विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. मिशनरी चालकांना आपल्या प्राध्यापकाचा हा उद्योग पसंत पडला नाही. नोकरी की प्रचार, असा प्रश्न उभा राहिला. १९२५ मध्ये रघुनाथरावांनी राजीनामा दिला. घरची श्रीमंती नव्हती. त्या काळात कॉलेजातील प्राध्यापकी म्हणजे जन्माची ददात मिटवणारी गोष्ट. ती सोडून गर्भनिरोधक साधने आणि न खपणारी पुस्तके यांवर पोट भरू पाहणाऱ्या माणसाला त्याच्या जातभाईंनी काय म्हटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. आपल्या घरातला एखादा मुलगा असे करू लागला तर आपण काय म्हणू, हे आठवले की पुरे.

या साऱ्यात त्यांच्या पत्नी मालतीबाई त्यांच्यासोबत होत्या. या दाम्पत्याने मूल होऊ द्यायचे नाही असे ठरवले आणि ते पाळले. आज हे वाक्य आपण एका ओळीत वाचून पुढे जातो. त्या काळी मूल नसलेल्या बाईचे जिणे कसे असे, हे आपल्या आज्या-पणज्यांना विचारायला हवे होते. हळदीकुंकवाला बोलावणे, ओटी भरणे, बारशाला पुढे होणे, प्रत्येक ठिकाणी तिला मागे सरावे लागे. दोष कोणाचा, हे कोणी तपासत नसे. तो बाईचाच धरला जाई. अशा समाजात मूल नसणे हा नवराबायकोने विचाराने केलेला निर्णय असू शकतो, ही गोष्ट रघुनाथरावांनी पुस्तकात लिहिली नाही फक्त, ती संसारात जगून दाखवली. त्या निर्णयाचा समाजाकडून होणारा जाच मात्र मालतीबाईंना अधिक सोसावा लागला असणार. त्यांची आठवण ठेवल्याशिवाय रघुनाथरावांचे चरित्र पुरे होत नाही.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. ते १९५३ पर्यंत, म्हणजे त्यांच्या अखेरीपर्यंत, चालले. लेखक, संपादक, मुद्रिते तपासणारा, अंक पोस्टात टाकणारा, सारे काही बहुतेक तेच. लैंगिक आरोग्य, गुप्तरोग, संततिनियमन, विवाह, स्त्रियांचे स्वातंत्र्य, अंधश्रद्धा असे कोणतेच विषय त्याला वर्ज्य नव्हते. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे, त्यामुळे अंक घरात लपवून ठेवले जात. वाचक मात्र होते. ते पत्रे लिहीत, ज्या शंका डॉक्टरलाही विचारायची लाज वाटे त्या विचारीत, आणि रघुनाथराव त्यांना छापील उत्तर देत. स्त्रीलाही पुरुषाइतकीच वासना असते आणि सुखाचा तिचाही तितकाच हक्क आहे, हे त्यांचे मत लोकांना सर्वांत जास्त झोंबले.

खटले झाले. १९३१ मध्ये एका लेखाबद्दल अश्लीलतेच्या आरोपाखाली शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला भरला गेला. या वेळी त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही, आणि लोकांना शंका असतील तर त्यांना माहितगाराने उत्तर दिलेच पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला. दोनशे रुपये दंड झाला. बाबासाहेबांनी मात्र हा विषय सोडला नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात त्यांच्या पक्षातर्फे संततिनियमनाच्या प्रचाराचा ठराव मांडला गेला. तो नामंजूर झाला.

हे मुंबई विधिमंडळ आपलेही होते, हे येथे सांगायला हवे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यातच होता. त्यामुळे रघुनाथरावांना दंड करणारा कायदा हुबळी-धारवाडलाही लागू होता. आणि गंमत पाहा. आज ज्या राज्यात आपण राहतो, त्याच्या दक्षिणेकडील भागात, म्हणजे जुन्या म्हैसूर संस्थानात, १९३० मध्येच सरकारने स्वतःच्या दवाखान्यांत संततिनियमन केंद्रे उघडली होती. जगात सरकारी खर्चाने चालणारी अशी केंद्रे त्यापूर्वी कोठे नव्हती, असे सांगतात. संस्थानी राजवटीत सरकार जे करीत होते, तेच ब्रिटिश मुलखातला एक प्राध्यापक एकट्याने करून दंड भरीत होता.

देशातील मोठी माणसेही त्यांच्या बाजूची नव्हती. गांधीजींना संततिनियमन मान्य होते, पण ते ब्रह्मचर्याने व्हावे, साधनांनी नव्हे, असे त्यांचे मत होते. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला जाऊन त्यांना भेटल्या, तरी ते मत बदलले नाही. रघुनाथरावांना हा संयमाचा मार्ग सामान्य संसारी माणसासाठी खरा वाटत नसे आणि ते तसे स्पष्ट लिहीत. गांधींचे वारे वाहत असलेल्या त्या दिवसांत असे लिहिणाऱ्याला टाळ्या मिळणे शक्यच नव्हते.

आता पुरुषाच्या शस्त्रक्रियेकडे येऊ. रघुनाथराव हे काम करीत होते त्या काळी ही शस्त्रक्रिया जगाला माहीत होती, पण ती भलत्याच कारणांसाठी होई. अमेरिकेतील इंडियाना राज्यात १९०७ मध्ये कायदा करून कैद्यांवर आणि 'नालायक' ठरवलेल्या लोकांवर ती बळजबरीने होऊ लागली. दुसरीकडे व्हिएन्नाचे श्टाइनाख यांनी याच जातीची शस्त्रक्रिया तारुण्य परत मिळवण्याचा उपाय म्हणून पुढे आणली. १९२३ मध्ये मानसशास्त्रज्ञ फ्रॉइड यांनी आणि १९३४ मध्ये आयरिश कवी येट्स यांनी ती करून घेतली. म्हणजे जी शस्त्रक्रिया केल्याने पुरुषत्व जाते अशी आपल्याकडे समजूत आहे, तीच युरोपातील विद्वान पुरुषत्व वाढावे म्हणून करून घेत होते. शास्त्राला दोन्ही समजुती मान्य नाहीत.

खरे काय ते रघुनाथरावांच्या पद्धतीने, आडपडदा न ठेवता सांगू. अंडकोशातून शुक्रजंतू वाहून नेणाऱ्या दोन बारीक नळ्या असतात. त्या कापून बांधल्या जातात. अंडकोशाला हात लावला जात नाही, त्यामुळे पुरुषाला पुरुष ठेवणारे संप्रेरक पूर्वीप्रमाणेच रक्तात मिसळत राहते. इच्छा, ताकद, दाढी-मिशा, कष्ट करण्याची शक्ती, कशातही फरक पडत नाही. वीर्यही येते, फक्त त्यात शुक्रजंतू नसतात. जागेवर बधिर करून अर्ध्या तासाच्या आत काम होते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. चीनमध्ये १९७४ मध्ये निघालेल्या बिनटाक्याच्या पद्धतीत तर सुरीने छेदही घेत नाहीत. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते. नळीत आधीचे शुक्रजंतू उरलेले असतात, म्हणून सुमारे तीन महिने दुसरे साधन वापरावे लागते आणि नंतर वीर्य तपासून खात्री करून घ्यावी लागते. हा उपाय कायमचा समजूनच करावा. नळ्या पुन्हा जोडता येतात, पण मूल होईलच याची हमी नसते. बाईच्या शस्त्रक्रियेत पोटात शिरावे लागते. दोन्हींची तुलना केली तर पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी जोखमीची आहे, याबद्दल डॉक्टरांत दुमत नाही.

तरीही ऑपरेशन बाईचेच का होते? याचे उत्तर रघुनाथरावांच्या पश्चात घडलेल्या इतिहासात आहे.

त्या इतिहासाचे एक टोक आपल्या हुबळीत आहे. रघुनाथराव अकरा वर्षांचे होते त्या १८९३ साली हुबळीत एका काश्मिरी पंडित कुटुंबात धन्वंती हंडू या मुलीचा जन्म झाला. तिचे बालपण येथेच गेले आणि कानडी तिला अस्खलित येई. पुढे त्या धन्वंती रामा राव झाल्या. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर सर बेनेगल रामा राव हे त्यांचे यजमान. १९४९ मध्ये त्यांनी मुंबईत फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था उभी केली. आपल्या धारवाडातही तिची शाखा आहे. १९५२ च्या नोव्हेंबरात त्यांच्या पुढाकाराने मुंबईत जागतिक परिषद भरली आणि त्यातून या कामाची आंतरराष्ट्रीय संघटना जन्माला आली. त्याच सुमारास भारत सरकारने पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम घेतला. ज्या कामासाठी एकतीस वर्षांपूर्वी मुंबईत एका प्राध्यापकाने केंद्र काढले आणि पुढे नोकरी गमावली, ते आता सरकारचे धोरण झाले होते.

पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, रघुनाथराव गेले. त्यांच्याबरोबर 'समाजस्वास्थ्य'ही थांबले. अण्णा त्या वेळी पंचाण्णव वर्षांचे होते. थोरल्या मुलाचे जाणे पाहून ते आणखी नऊ वर्षे जगले. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. मुलाच्या वाट्याला हयातीत तसा कोणताच सन्मान आला नाही.

सुरुवातीची काही वर्षे सरकारी कार्यक्रमात पुरुष पुढे होते. १९६० च्या दशकात देशातील नसबंदीच्या शस्त्रक्रियांपैकी बहुतेक पुरुषांच्याच असत. केरळात एर्नाकुलमला १९७१ च्या जुलैमध्ये भरलेल्या एकाच शिबिरात त्रेसष्ट हजारांहून अधिक पुरुषांनी शस्त्रक्रिया करून घेतली. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ६२ लाख पुरुषांची नसबंदी झाली. त्यांतील कितीतरी जणांना पगार, शिधापत्रिका किंवा बदली यांचा धाक दाखवून, तर काहींना सरळ उचलून नेऊन. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. १९७७ च्या निवडणुकीत लोकांनी याचा राग काढला. तेव्हापासून पुढाऱ्यांनी पुरुषांच्या नसबंदीचे नाव घेणे सोडले आणि सारा कार्यक्रम गुपचूप बायकांकडे वळला. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्के जोडप्यांत बाईची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुषाची फक्त ०.३ टक्के जोडप्यांत.

रघुनाथरावांचे आयुष्य या आकड्यांशेजारी ठेवून पाहावे. त्यांच्या साऱ्या खटाटोपाचा पाया माहिती आणि संमती हा होता. माणसाला खरे सांगा, मग निर्णय त्याचा त्याला आणि तिचा तिला घेऊ द्या. आणीबाणीत माहितीही नव्हती आणि संमतीही नव्हती, म्हणून पुरुष घाबरला. त्याची भीती आपण समजू शकतो. पण पन्नास वर्षे झाली. भीती गेली तरी सवय उरली. आता पुरुषाला कोणी उचलून नेत नाही, पण कोणी विचारतही नाही. प्रसूतीच्या वेळी बाई आयती दवाखान्यात असते, सासू आणि आई दोघीही तिथेच असतात, एक सही झाली की प्रश्न मिटतो. दोन बाळंतपणे, त्यांत कधी सिझेरियन, आणि वर हेही. घरातील पुरुष बाहेर बाकावर बसलेला असतो.

रघुनाथरावांवर अमोल पालेकर यांनी २००१ मध्ये 'ध्यासपर्व' हा चित्रपट काढला आणि काही वर्षांपूर्वी अतुल पेठे यांनी त्यांच्या खटल्यांवरील अजित दळवी यांचे 'समाजस्वास्थ्य' हे नाटक रंगमंचावर आणले. जमले तर ती पाहावीत. पण त्यांचे खरे स्मरण घरातच होईल. लोकमान्यांनी गणपतीचा उत्सव दिवाणखान्यातून चौकात आणला, तो लोकांनी एकत्र बसून बोलावे म्हणून. रघुनाथरावांनी जो विषय चौकात आणला, तो आपण मात्र माजघरात नेऊन ठेवला, तोही फक्त बायकांच्या कानापुरता.

आपल्या कुटुंबांतील जी तरुण जोडपी दोन मुलांनंतर थांबायचे ठरवतात, त्यांतील पुरुषांना एवढीच विनंती आहे. सही करण्याआधी डॉक्टरांना आपल्या शस्त्रक्रियेबद्दल विचारा. सरकारी रुग्णालयात ती विनामूल्य होते. विचारून, समजून घेऊन मग नको असे ठरले तरी हरकत नाही. पण बायकोला एकदा विचारा, की हे ओझे या वेळी मी उचलू का.